वर्डस्टारवाल्या मुक्ताताई

डहाणूच्या चिकू बागायतदार संघाच्या कचेरीत कॉम्प्युटर दोनच, पण त्यांच्यापुढे बसणाऱ्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. एकावर मुक्ताताई, त्यांचं जुनं, बिनमाऊसचं वर्डस्टार. दुसऱ्यावर परेश, त्याचं विंडोज आणि वर्ड. शहाण्णव साल होतं. परेश सकाळी आला की माऊस हलवत विचारायचा, तुमच्या म्हातारीला जाग आली का ताई? ताई कसल्या ऐकून घेतायत! उंदराची शेपटी धरून पत्रं लिहिणाऱ्यांनी आपल्याशी बोलू नये, असं त्या सगळ्यांदेखत सुनवायच्या. पुढे पुढे तर एकमेकांच्या फ्लॉपीला हात लावणंही बंद झालं.

सगळ्यांना वाटे, बाई हट्टी आहे. हट्ट कसला, भीती होती ती. ताईंची नजर जात चालली होती. वलसाडच्या डॉक्टरांनी उपाय नाही म्हणून सांगितलं होतं, आणि ते त्यांनी दहावीतल्या लेकीला, श्रुतिकालासुद्धा कळू दिलं नव्हतं. नवरा वारलेला, आशागडचं घर चालायचं ते या पगारावर. वर्डस्टारचा सगळा कारभार कीबोर्डवर, बोटांना पाठ झालेला. वर्डमध्ये तो इवलासा बाण शोधायला डोळे लागतात, ते कुठून आणायचे? म्हणून त्या जीव तोडून भांडत होत्या. लोकांची अक्षरं लावायचा कंटाळा येतो असं सांगून पत्रंही तोंडीच सांगायला लावायच्या.

रोजच्या कटकटीला सचिव प्रल्हादराव विटले. दोघांना एकदमच एक पत्र सांगायचं आणि जो आधी बिनचूक पुरं करील त्याचंच सॉफ्टवेअर ठेवायचं, असं त्यांनी ठरवलं. टेबलापलीकडे बसून त्यांनी दिल्लीच्या व्यापाऱ्याला इंग्रजी पत्र सांगितलं. परेश शेवटच्या परिच्छेदात अडकला होता तोवर ताईंचं पुरं.

"या साहेब," ताई मॉनिटरकडे हात करून म्हणाल्या, "एक चूक दाखवा."

प्रल्हादराव उठून त्यांच्या मागे आले. परेशही आला. मॉनिटर बंद होता. शिपाईण नवशीकडून सकाळी पुसताना बटण दाबलं गेलं असणार. ताई हात तसाच धरून हसत बसल्या होत्या, आणि ते बघवत नव्हतं.

परेशने हळूच बटण दाबलं. बटणाचा तो खटका ताईंच्या ओळखीचा होता. त्यांचा हात खाली आला. पत्र उमटलं, बिनचूक, पण आता ते वाचतंय कोण? प्रल्हादराव आपल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

ताई वाट बघत राहिल्या. परेशने काहीतरी लागेल असं बोलावं, म्हातारीचं नाव काढावं, म्हणजे अजून काही बिघडलं नाही असं तरी वाटेल. परेशने स्टूल ओढून घेतलं.

"ताई," तो म्हणाला, "तुमचंच बरोबर होतं. वर्डस्टारच चांगलं."

दोन वर्षं ताईंना त्याच्या तोंडून एवढंच ऐकायचं होतं. आज तो ते म्हणाला, आणि आपली नोकरी गेली हे त्यांना कळलं.