तात्यांचा हरभरा आणि आमची मोजणी

आमच्या चौकीत कागद कमी आणि किस्से जास्त. पाणवठ्याची टाकी कितीही धुवा, तळाला गाळ बसतोच, तसे हे किस्से बसलेत. शंकरमामा सांगतात, मी ऐकतो. चारचौघांत बोलायला मला जमत नाही, म्हणून लिहितो. नववीत शाळा सुटली, पण अक्षर चांगलं राहिलं. त्या अक्षराने मला अडचणीत कसं आणलं, ते पुढे येईलच.

नगर जिल्ह्याच्या दक्षिणेला, कुसळी गवताच्या माळावर, काळविटांचं एक छोटं अभयारण्य आहे. तिथे राखणीला आम्ही दोघं. गेल्या मोजणीत आकडा घसरला, तेव्हा वरून निरोप आला : यंदाही घसरला तर चौकी बंद. मामांची रवानगी राहुरीकडे रोपवाटिकेत, माझी अकोले तालुक्याच्या डोंगरात.

मामा म्हणाले, "झाडं पळत न्हाईत रं. दिवसभर तिथं करू काय?"

ते हसले. मला हसू आलं नाही. इथला एकेक नर मी शिंगांवरून ओळखतो.

*

पुण्याहून एक कुटुंब आलं. दुर्बीण, टोप्या, सगळी तयारी. मी दोन तास फिरवलं. एक ससा दिसला, तोही पाठमोरा. बिचारे निघून गेले आणि दहा मिनिटांत गाडी परत!

"अहो, बाहेर रस्त्याकडेच्या शेतात वीस-पंचवीस उभी आहेत!" बाई माझ्यावर चिडल्या. "मग तिकीट कशाचं घेतलंत?"

मामा चहा गाळता गाळता म्हणाले, "ताई, तुमी तिकीट काढलं न्हसतं, तर ती आत असती."

बाईंना ते पटलं असावं. पुढच्या रविवारी त्या तिकीट न काढता आल्या!

*

आमचे साहेब नवे आणि फार उत्साही. आल्या आल्या त्यांनी हद्दीचे सगळे दगड रंगवून घेतले. मग नकाशा हातात धरून एकेक दगड तपासत निघाले. एका दगडाच्या चाळीस पावलं बाहेर, शेताच्या बांधाला लागून, लेंड्यांचा मोठा ढीग होता. एक काळाभोर नर रोज तिथेच लेंड्या टाकतो. त्याच्या भाषेत तो हद्दीचा दगड; बाकीच्या नरांनी पुढे यायचं नाही.

"याची हद्द आपल्या हद्दीबाहेर कशी?" साहेबांनी विचारलं.

मामा म्हणाले, "साहेब, आपन एकदाच मोजली. त्यो रोज ताजी करतोय."

साहेबांनी नकाशाची घडी घातली.

*

मग कॅमेरा आला. पाणवठ्याशेजारच्या बाभळीला बांधला. आठवड्याने साहेबांनी लॅपटॉपवर फोटो लावले. पहिल्या बारा फोटोंत शेजारच्या भानुदास तात्यांची म्हैस. त्यापुढे मामाच मामा : पाय धुताना, चूळ भरताना, एकात तर कॅमेऱ्याला डोळा लावून बघताना.

साहेबांनी लॅपटॉप मिटला. मग म्हणाले, "शंकरराव, या पाणवठ्यावर नेमकी किती जनावरं येतात?"

"म्हैस धरून का सोडून, साहेब?"

*

आता तात्या. आमच्या हद्दीला लागूनच त्यांचं रान. कळप रात्री त्यांच्या पिकात चरतो. सकाळी तात्या पत्र्याचा डबा बडवतात, की तो उड्या टाकत आमच्याकडे येतो. लवकर येणाऱ्या पाहुण्यांना हरणं दिसतात, ती या डब्यामुळेच.

दर सोमवारी त्यांची तक्रार ठरलेली. "तुमची हरनं लई माजलीत!" तात्यांना लिहिता येत नाही. त्यामुळे तक्रार आमच्याविरुद्ध आणि अक्षर माझं! एकदा 'दुर्लक्षामुळे' म्हणाले, तिथे मी हळूच 'थोड्याशा दुर्लक्षामुळे' लिहिलं.

"वाच," तात्या म्हणाले. मी वाचलं.

"थोडंसं खोड."

पण जावई आले की हेच तात्या त्यांना बांधावर उभं करून सांगतात, "बघा, आमची हरनं!" मागे एका जावयाने सहज विचारलं, "मटण कसं लागत असेल हो?" त्याला चार दिवस राहायचं होतं. तात्यांनी त्याच दुपारी एसटीत बसवलं!

*

मोजणीचा रविवार उजाडला. साहेब मोजणाऱ्यांना घेऊन पलीकडच्या टोकाला उभे होते. मी आणि मामा अलीकडून चालत निघालो. आत जे दिसेल ते लिहायचं. दिसलं काय? गवत, टिटव्या आणि एक ससा. बहुतेक तोच.

हद्दीच्या दगडाशी पोचलो, तर सगळा कळप तात्यांच्या हरभऱ्यात! तात्या बांधावर बसलेले, डबा मांडीवर, आवाज नाही.

"तात्या, आज डबा नाही वाजवला?"

"हळू बोल," ते कुजबुजले. "आज तुमची मोजनी हाय न्हवं? बुजली तर चुकंल तुझं. मघापासनं हात दाबून बसलोय. मोज निवांत."

मला रडूच यायचं बाकी होतं. "तात्या, बाहेरची धरत नाहीत. दगडाच्या आतली तेवढीच मोजायची."

तात्यांनी दगडाकडे पाहिलं, मग हरभऱ्याकडे. "म्हंजी माझं खात्यात तवर ती हरनं न्हाईत व्हय?"

मी मोजणीची रिकामी वही पुढे केली.

"आन् आत कमी भरली तर?"

"मी अकोल्याला."

तात्या उठले आणि असा डबा बडवला, की अख्खा कळप दगडावरून उड्या टाकत थेट साहेबांच्या पुढ्यात!

साहेबांनी दोनदा मोजलं. एक्केचाळीस! गेल्या वर्षीपेक्षा जास्त. त्यांनी माझी पाठ थोपटली. "बाळू, संरक्षण असं असतं!"

मामा टोपी नीट करत दुसरीकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तात्या चौकीवर आले. निवांत चहा प्यायले. मग कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

"लिही. काल तुमच्या एक्केचाळीस हरनांनी माझा हरभरा खाल्ला."

मी पेन थांबवलं. "तात्या, एक्केचाळीसच कशावरून?"

"साहेबांनी सोता मोजल्यात."