म्हसोबाच्या जत्रेचा मुलाणी

चैत्र लागला की इक्बाल मुलाण्याचा हात अजून सुरीकडे जातो. आता तो कारेगावात मुलाच्या, झिशानच्या भाड्याच्या खोलीत राहतो. इथं मटण पिशवीतून येतं आणि सुरीला फार तर कांदा मिळतो. पण भांडगावाजवळच्या त्यांच्या वस्तीवर म्हसोबाच्या जत्रेचा पहिला बोकड त्याच्याच हातून कापला जायचा. त्यानं बिस्मिल्ला म्हणायचं, मगच घरोघर चुली पेटायच्या. यात काही वावगं आहे, असं कुणाच्या मनातही येत नव्हतं. काय दिवस होते ते!

त्र्याण्णव साली मात्र वस्तीवरची पोरं अडून बसली. देव आपला, बोकडही आपणच कापू. देवळापुढं बैठक भरली. जत्रेचे कारभारी मारुतराव यांची मुलगी सविता पुण्यात तत्त्वज्ञान शिकत होती, ती तावातावानं उठली. "एका विलायती पंडितानं तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. जबरदस्तीनं कुणाची श्रद्धा बदलत नाही, म्हणून दुसऱ्याचा धर्म सहन करावा."

पोरं मागं सरली. मारुतराव खुशीत म्हणाले, "ठरलं मग. इक्बालला घिऊ चालवून."

इक्बालच्या काळजाला ते लागलं. "मारुतराव, सहन तर पायातला काटाबी करत्यात. चालवून घेनार आसाल, तर म्या न्हाई यायचो."

सविता बिचारी गोरीमोरी झाली. त्याच्यामागं घरापर्यंत आली. "चाचा, त्याचं लिहिणं वाचणाऱ्या पंडितांचंही इथंच बिनसतं. कुणी म्हणतं, त्या विलायती पंडिताला फक्त राजाची जबरदस्ती आवरायची होती. कुणी म्हणतं, त्याच्या सहन करण्यात माणसाचा मानही होता. अजून भांडतायत."

"भांडू दे त्यांना," इक्बालची बायको बिबीजान म्हणाली. "तू च्या घे."

जत्रेच्या दिवशी इक्बाल भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. हलगी वाजत होती. आपल्यावाचून उरकलं तर काय, या विचारानं त्याला रडूच येत होतं. एवढ्यात मारुतरावांच्या पत्नी कस्तुराबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. बोलावणं करायला बाईमाणूस कधी यायचं नाही.

"भावजी, उठा. पोरं कापाया निघाली व्हती. म्या म्हनलं, मग तुमीच शिजवा. माझी चूल तुमच्या हाताबिगर पेटायची न्हाई."

"मारुतरावांनी धाडलं का, वहिनी?"

"मला कोन धाडतंय? मला तुमी पायजे, म्हून आले."

इक्बालनं डोळे पुसले आणि सुरी उचलली.

कस्तुराबाई आता नाहीत. कारेगावात इक्बालला कुणाचा काही त्रास नाही. कुणी बोलवायलाही येत नाही.