चंद्रावरचे बोलणे

सुगंधाबाई आमच्या दारात आल्या की आधी भिंतीला तळहात लावून क्षणभर उभ्या राहत. बोलणे त्यानंतर. नारपोलीत आमच्या घरामागे यंत्रमागांची शेड होती आणि तिचा खडखडाट दिवसभर भिंतीतून घरात उतरत असे. मला तो नुसता त्रास वाटे. बाईंना मात्र हाताने तपासून पाहण्याजोगी वस्तू वाटे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले, “गुरुजी, यो आवाज भितीतून येतो, मंग उजेड का न्हाय येत?”

त्या खालच्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. माहेर वज्रेश्वरीकडचे, वय पस्तिशीचे, शिक्षण नववीपर्यंत. अंगणवाडीच्या सेविका त्या उन्हाळ्यानंतर निवृत्त होणार होत्या आणि ती जागा बाईंना मिळण्यासारखी होती. अट एकच, दहावी उत्तीर्ण असण्याची. म्हणून त्यांनी बाहेरून परीक्षेचा अर्ज भरला. यजमानांची लूमवर रात्रीची ड्युटी. ते दुपारी झोपत, आणि बाईंना मोठ्याने वाचल्याखेरीज समजत नसे. माझी पत्नी निवर्तल्यापासून दुपारी माझ्या घरात माणसाचा शब्द उमटत नव्हता. त्यामुळे पुस्तक घेऊन त्या माझ्याकडे बसू लागल्या, तेव्हा कोण कोणावर उपकार करीत होते हे सांगणे कठीण.

मी जन्मभर संस्कृत शिकवले. विज्ञानाशी माझा परिचय नव्हता, आणि बाईंचे प्रश्न तर नेमके तिथलेच. बस थांबते, मग आतला माणूस पुढे का जातो, त्याला कोणी ढकलले? खाडीत लाट पुढे सरकते, पण तिच्यावरचे पान जागच्या जागी वरखाली का होते? मी विषय बदलू पाहिला की म्हणत, “इतकी पुस्तकं हायेत घरात, आन् एका पानाचं बी सांगता येत न्हाय?” हा टोमणा मला गोड लागे.

एके दिवशी मात्र मला येणारा प्रश्न निघाला. ध्वनीला माध्यम लागते असा धडा होता आणि खाली विचारले होते : चंद्रावर दोन माणसे बोलली तर एकमेकांना ऐकू येईल का? शब्द, म्हणजे ध्वनी, हा आकाशाचा गुण, हे तर मी ऐन तारुण्यात गुरूंच्या पायाशी बसून शिकलो होतो. मी समाधानाने सांगितले की आकाश हेच माध्यम, ते सर्वत्र व्यापून आहे. चंद्रावरही ऐकू येईल.

बाईंचा हात भिंतीकडे गेला. “पन गुरुजी, भित हलते तवाच येतो ना आवाज? तितं हलायला काय हाय?”

मी जरा चढ्या सुरात शास्त्राचा दाखला दिला. त्यांनी मान खाली घालून वहीत उतरवून घेतले.

परीक्षेत तोच प्रश्न आला. केंद्रावरून त्या थेट माझ्याकडे आल्या, तुमचेच उत्तर लिहिले म्हणून सांगत होत्या. पुढे आठवड्याभरात शेजाऱ्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीपाशी मी ही हकीकत कौतुकाने काढली. ती संकोचत म्हणाली की चंद्रावर हवा नाही, तिथे काहीच ऐकू येणार नाही.

मी बाईंना बोलावून चूक कबूल केली. त्यांनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले. मग म्हणाल्या, “माझ्या हाताला कळत होतं. पन तुमाला खोटं कसं पाडू, म्हनून लिवलं.”

निकालात विज्ञानाचे दोन गुण कमी पडले. ते त्याच उत्तरात गेले की आणखी कशात, हे कधीच कळले नाही. मला मात्र दुसरे कारण सुचत नाही. पावसाळ्यात विशीतली नवी सेविका रुजू झाली. खिचडीचे पातेले कुठे असते आणि कोणते मूल आईमागे रडते, हे तिला बाईंनीच शिकवले. ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेत त्या विज्ञानात पास झाल्या. जागा तेव्हा भरलेली होती.

पुढच्या वर्षी यजमानांचा कारखाना बंद पडला आणि संसार वज्रेश्वरीकडे निघाला. निघण्याच्या सकाळी मी गॅलरीत अर्घ्य द्यायला उभा होतो, तोच त्या निरोप घ्यायला वर आल्या. माझी ओंजळ पाहून थांबल्या.

“एक इचारू? पुस्तकात लिवलंय, सूर्य उगवायच्या आदीच दिसाया लागतो. हवेत किरण वाकतात म्हने. मंग तुमी पानी सोडता तवा तो तितं नसतोच. पोचतं कुनाला?”

जिभेवर उत्तरे पुष्कळ आली, सगळी जुनी आणि सगळी शास्त्रशुद्ध. मी ती गिळली.

“मला ठाऊक नाही, बाई.”

इतक्या वर्षांत हे वाक्य मी कोणा विद्यार्थ्यापाशी उच्चारले नव्हते. बाईंनी माझ्याकडे नीट पाहिले, आणि खाली वाकून नमस्कार केला. “मला गावलं तर कळवीन,” एवढेच म्हणून जिना उतरल्या.

खाली टेम्पो सुरू झाला. मी पूर्वेकडे वळलो, तेव्हा ओंजळ रिकामी होती. बोलता बोलता पाणी बोटांतून केव्हाच गळून गेले होते.