ऑसिटन्सी

लोबानाचा वास आला की मला ओमानमधल्या बरक्यातलं मासळीचं कोल्ड स्टोरेज आठवतं. दार उघडं राहून सुरमई नासली होती आणि दुर्गंधी जावी म्हणून अर्बाबने, म्हणजे मालकाने, ऑफिसात लोबान पेटवला होता.

त्या रात्री दारं तपासायची शेवटची फेरी मोहनदादाची होती. आमच्याच गावचा. इंग्रजी कागद पुढे करून तो म्हणाला, “कर रे सही, म्हणजे विषय खलास.”

गाववाल्याने दिलेला कागद कोण वाचतो? मी सही केली आणि नोकरी गेली.

कागदात माझी ‘ऑसिटन्सी’ लिहिली होती. घरी आल्यावर मोठ्या कोशात सापडली: मूळ अर्थ जांभई, पुढे निष्काळजीपणा, आता वापरात नाही. मला कळू नये म्हणून दादाने मेलेला शब्द हुडकला होता. तेवढी काळजी त्याने दाराची घेतली नव्हती.