क्लेमेंटीन टीचरचं अवकाशयान

सोसायटीच्या स्मरणिकेसाठी मी दर वर्षी एखादी पाककृती देते. या वर्षी क्लेमेंटीन टीचरबद्दल लिहिते आहे. घरातले झोपल्यावर लिहायला बसले, दिवसा धीर होत नाही.

टीचर जवळच्याच सांडोर गावच्या. वडिलांची केळीची बाग, घराला लांब पडवी. पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाल्या. पुढे शिकायचं होतं, पण आई गेली आणि फोर्टातल्या एका जहाज कंपनीत टायपिस्ट म्हणून लागल्या. वीस वर्षांनी ती कंपनी बंद पडली. मग पडवीत नववी-दहावीचे गणित-विज्ञानाचे क्लास सुरू केले. लग्न केलं नाही. “पप्पांना चहा आणि केळींना पाणी कोण देणार?” म्हणून हसायच्या.

त्यांना एकच नाद. कॅनडातल्या भाच्याने दिलेल्या कॉम्प्युटरवर त्या अवकाशयानाचा गेम खेळत. यान एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे न्यायचं, ग्रहावर उतरायचं, तिथली माती, हवा तपासायची. वाटेत पडदा बराच वेळ नुसता काळा. तेवढ्यात त्या खगोलशास्त्राचे पॉडकास्ट ऐकत, म्हणजे इंटरनेटवरून उतरवून घेतलेले रेडिओसारखे कार्यक्रम. “ग्रह यायला वेळ लागतो हो, तोवर कान रिकामे कशाला ठेवायचे?”

हे सगळं मला नंतर कळलं. २००८ च्या जुलैत एवढंच माहीत होतं, की नववीतली माझी उन्नती क्लास सुटल्यावरही तासभर तिथे थांबते आणि विचारलं तर “टीचर काहीतरी ऐकवतात” एवढंच सांगते. आमच्या इमारतीत तेव्हा बरंच काही बोललं जायचं. कोणाच्या मुलीला कोणी प्रार्थनेला नेलं, वगैरे. मी ऐकायचे आणि रात्रभर कूस बदलत राहायचे.

एका संध्याकाळी न सांगता गेले. खोलीत अंधार. कोपऱ्यात क्रुसाखालचा छोटा दिवा तेवढा पेटलेला. टीचर आणि उन्नती एकाच इअरफोनचं एकेक टोक कानात घालून, समोरच्या काळ्या पडद्याकडे बघत, हूं की चूं न करता बसलेल्या. कुण्या पुरुषाचा संथ इंग्रजी आवाज पुसटसा येत होता.

मी वायर खेचली. “अंधार करून काय ऐकवता हो माझ्या मुलीला? गणितासाठी पाठवते मी, तुमच्या प्रार्थनेसाठी नाही!”

“आई!” उन्नती ओरडली.

टीचर उठून उभ्या राहिल्या. “ताई, तारे नीट दिसावेत म्हणून दिवा...”

“मला नका शिकवू.”

त्यांचे वडील बाहेरून आले. त्यांना कमी ऐकू येतं. पाहुणी आली म्हणून त्यांनी केळ्यांची एक फणी माझ्या हातात दिली. मी ती घेतली आणि मुलीला ओढत घरी आणली.

दुसऱ्या दिवशी खाली बाकावर हेमांगी आणि आणखी दोघींना सगळं सांगितलं, थोडं वाढवूनच. आठवड्यात तिघींनी मुलं क्लासातून काढली.

उन्नती माझ्याशी बोलेना. टीचर ज्यावर ऐकवत तो त्यांचा छोटा प्लेअर तिच्या दप्तरात राहिला होता. ती शाळेत गेल्यावर दुपारी मी तो कानाला लावला. पुरावा मिळेल म्हणूनच. एक माणूस शनीच्या कड्यांबद्दल बोलत होता. लाखो किलोमीटर पसरलेली, जाडीला मात्र काही ठिकाणी आपल्या चार मजली इमारतीपेक्षाही कमी. मध्येच स्वतःच्याच विनोदावर हसत होता. मी सगळे भाग ऐकले. भात करपला. धर्माचा एक शब्द नव्हता. असता तरी आधी विचारायला माझी जीभ झडली नसती.

प्लेअर परत द्यायला गेले. “टीचर, माझं चुकलं.”

त्या वह्या तपासत होत्या. “मला सांगितलंत, बरं झालं. पण ताई, बोललात बाकावर. परत घ्यायचं तर तेही बाकावरच घ्या. उन्नतीला पाठवायचं की नाही, तुमचं तुम्ही बघा.”

चहा विचारला नाही.

बाकावर सांगायला मला नऊ दिवस लागले. हेमांगी म्हणाली, “अगं आशालता, आता कशाला उकरतेस? आम्ही दुसरीकडे नाव घातलंसुद्धा.” दुसरी म्हणाली, “जाऊ दे गं, आग असल्याशिवाय तू बोलली नसतीस.” मी म्हटलं, “नव्हती आग.” तिने विषय बदलला.

त्या तिघांतला एकच परत गेला. उन्नती जाते. तिथे काय ऐकलं ते मला सांगत नाही आणि मी विचारत नाही.

तीन जणींना सांगितलेलं तीनशे जणांपर्यंत गेलं, म्हणून हे स्मरणिकेत देते आहे. कमिटीने नावं बदलू नयेत. टीचरना वाचून दाखवलं, त्यांनी फक्त एक चूक काढली: टायपिस्ट नव्हे, स्टेनो. ती वर दुरुस्त केलेली नाही. वाचणाऱ्यांनी स्टेनो असं वाचावं. त्यांच्याबद्दल मी पुन्हा काही चुकीचं लिहिलं, तेही दिसू दे.