दोन क्रमांक, एक यादी

ऑफिसात तिला सगळे टाईपताई म्हणत. ती टायपिंग करायची म्हणून नव्हे. प्रोग्राम लिहिताना कुठल्या डब्यात कुठल्या प्रकारची वस्तू जाणार हे आधी लिहून ठेवा, असं ती जो भेटेल त्याला सांगत सुटायची म्हणून. जेवायला बसल्यावरसुद्धा. पहिल्यांदा कुणीतरी चेष्टेत म्हणालं आणि मग ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

कंपनी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. तीन खोल्या, आठ माणसं आणि खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. टाईपताई तिथे सुरुवातीपासून होती. जुन्या कोडमध्ये सगळीकडे बिनलेबलाच्या याद्या होत्या, त्यात काहीही टाका, काहीही काढा. पुढे त्या भाषेत जेनेरिक टाइप आले. म्हणजे यादी एकदाच लिहायची, पण वापरताना प्रत्येक वेळी सांगायचं, ही रक्ताच्या नमुन्यांची, ही पेशंटची. मग चुकीचं काही टाकायला गेलं की प्रोग्राम तयारच होत नाही, तिथल्या तिथे अडतो. टाईपताईला हे इतकं पटलं होतं, की पेशंटचा क्रमांक आणि नमुन्याचा क्रमांक हेही दोन वेगळे प्रकार करावेत म्हणून ती चार वर्षं साहेबांच्या मागे लागली होती.

"क्रमांक तो क्रमांक. सहा आकडे," साहेब म्हणायचे. "चालतंय ना? मग कशाला हात लावताय?"

चालत होतं, हे खरंच होतं.

टाईपताईची नणंद, घरातली धाकटी, कंपनीचंच सॉफ्टवेअर वापरणाऱ्या एका प्रयोगशाळेत रिपोर्टच्या खिडकीवर बसायची. लग्न केलं नव्हतं, भावाकडेच राहायची. बोलकी, कामात चोख. लोक रांग सोडून तिच्या खिडकीवर यायचे. एका संध्याकाळी ती घरी आली ती सरळ आतल्या खोलीत गेली. जेवायला बसली तेव्हा पानातलं नुसतं चिवडत राहिली.

"काय झालं गं?" टाईपताईने विचारलं.

"वहिनी, मला खिडकीवरून काढलं. उद्यापासून मागे, काचेच्या नळ्या धुवायला."

बसचे एक निवृत्त ड्रायव्हर मूत्रपिंडाच्या फेरतपासणीला आले होते. धाकटीने त्यांचा रिपोर्ट छापून दिला. कागदावर नाव त्यांचं आणि सगळे आकडे उत्तम. डॉक्टरांनी औषध कमी केलं. अकराव्या दिवशी आजोबा जिन्यातच कोसळले. वाचले, पण आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. रिपोर्टवरचे आकडे भलत्याच माणसाच्या रक्ताचे निघाले.

"मी त्यांचंच नाव निवडलं होतं गं," धाकटी म्हणाली. "अगदी आठवतंय मला. पण आता सगळेच म्हणतात तू चुकलीस, तर वाटतं चुकलेच असेन. गर्दी होती त्या दिवशी."

टाईपताईचा नवरा म्हणाला, "होतं असं. माणूसच आहेस तू." त्याला धीर द्यायचा होता, पण धाकटी पान सारून उठली.

दुसऱ्या दिवशी टाईपताईने ऑफिसात फेरतपासणीचा कोड उघडला. तासाभरात जागा सापडली. एक बिनलेबलाची यादी होती. एका स्क्रीनवरून तिच्यात नमुन्याचा क्रमांक जायचा, तर नंतर जोडलेल्या दुसऱ्या स्क्रीनवरून पेशंटचा. पुढचा कोड दोन्हींना नमुनाच समजायचा. नमुन्यांचे क्रमांक एक लाखापासून सुरू झाले होते, पेशंटचे चार लाखांपासून. त्यामुळे इतकी वर्षं चुकीचा क्रमांक गेला की नुसतं 'नमुना सापडला नाही' असं यायचं, आणि खिडकीवरची माणसं वैतागून पहिल्या स्क्रीनवर जायची. या वर्षी नमुने चार लाखांवर पोचले. आता चुकीच्या क्रमांकालाही नमुना सापडू लागला. कुणाचा तरी.

प्रोग्राम तयार होताना त्या यादीबद्दल मशीनने इशारा दिलेला असणार, हे तिला माहीत होतं. मग तो दिसला का नाही? तिने यादीच्या वरच्या ओळी पाहिल्या. इशारा गप्प करणारी एक ओळ तिथे होती. कुणी लिहिली हे पाहायला तिने जुन्या नोंदी काढल्या. बारा वर्षांपूर्वीची तारीख होती, आणि पुढे तिचंच नाव.

तिला तो दिवस आठवेना. खूप आठवून पाहिलं. घाई असेल, माल द्यायचा असेल, उद्या नीट करू म्हणाली असेल. काहीच आठवेना, हेच तिला जास्त लागलं.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. दार लावलं.

"किती ओळींची दुरुस्ती आहे?"

"ही जागा एका ओळीची. पण साहेब, अशा आणखी किती असतील? दोन्ही क्रमांकांना वेगळे प्रकार देते. मग सगळ्या चुका मशीन स्वतःच दाखवेल."

"आठ दिवस घ्या. आणि हे बाहेर बोलू नका."

तिने प्रकार वेगळे केले आणि पडदा लाल झाला. दोन हजार एकशे चाळीस चुका. एकेक ओळ उघडायची, इथे पेशंट आहे की नमुना ते ओळखायचं, लेबल लावायचं. बहुतेक ठिकाणी सगळं ठीकच होतं, फक्त कुणी लिहून ठेवलं नव्हतं. पण नऊ जागा तशा नव्हत्या. नवव्या जागेपाशी तिने माउस सोडून दिला.

सातव्या दिवशी साहेबांनी थांबवलं. प्रयोगशाळा तयार सॉफ्टवेअर विकत घेणार होती, सहा महिन्यांत हे सगळं बंद. त्या नऊ ओळी तेवढ्या दुरुस्त करा, बाकी राहू द्या. कंपनीचा अहवालही प्रयोगशाळेकडे गेला होता. त्यात लिहिलं होतं, 'वापरकर्त्याकडून क्रमांक निवडताना गफलत.'

"साहेब, ती वापरकर्ती माझी नणंद आहे."

"मला माहीत नव्हतं," साहेब म्हणाले. "पण आता कागद गेलाय. काय करू, तुम्हीच सांगा."

तिने प्रयोगशाळेच्या मुख्य डॉक्टरांना स्वतः पत्र लिहिलं, दोन पानी, कुठेही आडपडदा न ठेवता. दहा दिवसांनी उत्तर आलं: पत्र मिळाले, योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधितांकडे पाठवले आहे. संबंधित म्हणजे साहेब. तेच पत्र त्यांच्या टेबलावर येऊन पडलं. त्यांनी ते तिला परत दिलं, रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

त्या रविवारी तिने धाकटीला सगळं सांगितलं. कपडे वाळत घालता घालता. धाकटीने चिमटे तोंडात धरले होते, ते एकेक काढून दोरीला लावले आणि मगच बोलली.

"म्हणजे मी बरोबरच निवडलं होतं."

"हो."

"मी महिनाभर रोज ते नाव मनात दाबून बघते आहे, वहिनी. रोज." तिने रिकामी बादली उचलली. "तुला तरी काय बोलू मी आता?"

ती रडली नाही, भांडली नाही. आत गेली. चार दिवस लागेल तेवढंच बोलली. पाचव्या दिवशी म्हणाली, "त्या आजोबांकडे जायचंय मला. तूही चल."

आजोबा तिसऱ्या मजल्यावर राहायचे. दार मुलाने उघडलं. धाकटीला ओळखून त्याचा चेहरा कठोर झाला, पण आतून आवाज आला, "येऊ दे रे त्यांना." आजोबा खुर्चीत बसले होते, दंडाला पट्टी. टाईपताईने घोकून आणलेलं सगळं सांगायला सुरुवात केली. यादी, दोन क्रमांक, इशारा. आजोबा लक्ष देऊन ऐकत होते, आणि त्यांना काहीही कळत नाहीये हे तिला दिसत होतं.

"पण कागदावर माझंच नाव होतं," ते म्हणाले.

"हो. नाव तुमचं, आकडे दुसऱ्याचे. मशीनला दोन्हीतला फरक कळत नव्हता."

"तुम्हाला कळत होता ना?"

"हो आजोबा."

ते तिच्याकडे पाहत राहिले. त्या नजरेत राग शोधला तरी तिला सापडला नाही. "चाळीस वर्षं बस चालवली," एवढंच म्हणाले, आणि पुढे काय म्हणायचं होतं ते त्यांनी सोडून दिलं.

मुलगा घड्याळाकडे बघत होता. चारला डायलिसिस होतं. त्याने वाकून वडिलांच्या पायांत बूट चढवले. उठताना आजोबांचा तोल गेला तशी धाकटी चटकन पुढे झाली आणि तिने दुसरा दंड धरला. मुलाने तिला धरू दिलं. तिघं सावकाश जिना उतरू लागली, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. टाईपताई मागे आजोबांची दवाखान्याची फाईल धरून उभी होती. दार ओढून घ्यायचं की कुणी आत आहे, हे विचारायचं तिला धाडस होईना.