बुटक्या पिसांचे तीर

पीस हातात आलं की ती आधी डोळे मिटायची आणि ते खालच्या ओठावरून हळूच फिरवायची. मग पुटपुटायची, "डाव्या पंखाचं." किंवा, "ह्ये उजव्याचं." आणि मांडीच्या त्या त्या बाजूला ठेवून द्यायची. मनोरच्या दवाखान्याच्या पायरीवर बसून, माझी इंजेक्शनची सुई उकळेपर्यंत, तिचं हे काम चालायचं.

साठीच्या दशकातली गोष्ट. मी साताऱ्याकडची, नर्स म्हणून नुकतीच तिकडे गेले होते. तिला क्षय झाला होता. डोंगरातल्या पाड्यावरून ती इंजेक्शनला चालत यायची. येताना कमरेच्या फडक्यात घारीची, गिधाडाची पिसं बांधून आणायची. वाऱ्यावर त्यांची लव उडायची आणि आमचे कंपाउंडर शिंकून बेजार व्हायचे. ते ओरडले की ही त्यांनाच दटावायची, "तोंड तिकडं करून शिंक. पिसं हालतात माझी."

त्या भागातल्या पाड्यांवर तिच्यासारखे तीर कोणी बांधत नसे. बापाकडून शिकली होती. तारापूरला विजेच्या कारखान्याचं बांधकाम निघालं होतं, तरणी माणसं तिकडे मजुरीला जायची. पण पावसाळ्याआधी गावी आली की तीर मात्र हिच्याकडून न्यायची.

एकदा मी विचारलं, "मावशी, डावं काय नि उजवं काय, पीस ते पीसच ना?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला दिवसा चांदण्या मोजायला सांगितल्या होत्या.

"पंखाला कूस असते, बाय. डाव्या पंखाचं पीस एका कुशीला वळतं, उजव्याचं दुसऱ्या. एका तीराला तिन्ही पिसं एका कुशीची लावली, तर तीर गरगर फिरत नीट जातो. त्यात एक जरी दुसऱ्या कुशीचं घुसवलं, तर दोगं इकडं वढतात, एक तिकडं वढतं. तीर भांडत जातो. भांडणारा तीर रुतत नाय."

मग तिनं पुढचं सांगितलं, अगदी सपाट आवाजात. तिचा नवरा अशाच भांडणाऱ्या तीरानं मेला होता.

नवरा आणि दीर, दोघंही नेमबाज. नवरा जरा सरस. एका शिकारीत रानडुक्कर सरळ नवऱ्याच्या अंगावर आलं. त्यानं नेम धरला, तीर सोडला; तीर आडवा हेलकावत गेला आणि डुकराच्या खांद्यावरून घसरला. डुकरानं त्याची मांडी फाडली. घरी आणेपर्यंत तो संपला होता.

बाकीच्या बाया रडत होत्या तेव्हा ही रानात जाऊन तो तीर शोधत होती. सापडला. तिनं बांधताना तिन्ही पिसं डाव्या पंखाची लावली होती; आता दोन डाव्याची, एक उजव्याचं. आणि त्या एका पिसाचा दोरा उलट्या बाजूनं गुंडाळलेला. घरात डावखुरा एकच होता, दीर.

"तीर घेऊन मी पंचांफुडं उभी राह्यले. पंच हसले. म्हणं, बाई, डुक्कर काय पिसं बघून अंगावर येतं?" ती हातातलं पीस गुळगुळीत करत म्हणाली. "मग दिरानं नाल्याकडचा आमचा जमिनीचा तुकडा बी घेतला. एकट्या बाईला शेत कशाला, म्हणं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करू? त्याला तीर बांधून दिलं. चांगलं तीर." ती हसली. तिचे दात बारीक आणि स्वच्छ होते. "मला घाई नव्हती, बाय. माझा येळ माझ्याकडं व्हता."

तुम्हीही आयुष्यात रागीट माणसं पाहिली असतील. आदळआपट करणारी, शिव्याशाप देणारी. हिचा राग तसा नव्हता. विरजण लावून झाकून ठेवावं तसा तिनं तो ठेवला होता, आणि अधूनमधून झाकण उचलून बघायची, लागलंय का.

तिनं काय केलं, ते मला तिनं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. पीस उंच ठेवलं की तीर डुलत नाही, पण वाऱ्यात अडतो, लवकर दमून खाली येतो. बुटकं कापलं की वेगानं लांब जातो. दरवर्षी दिराच्या तीरांचं पीस ती नखाच्या कडेएवढं उंच ठेवत गेली. तीर किंचित खाली लागायचा, की दीर किंचित वर नेम धरायचा. त्याला ते कळलंही नाही. वर्षांमागून वर्षं गेली. नेम तर लागतच होता, तो सगळ्या पाड्यांत पहिला यायचा, मिशीला पीळ भरायचा आणि म्हणायचा, "वैनीच्या हाताला गुण हाय."

"आता त्याचा हात आकाशाकडं असतो," ती म्हणाली. "कोणाला दिसत नाय. मला दिसतो."

तिला घाई झाली ती थुंकीतून रक्त पडायला लागलं तेव्हा. डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात जायला सांगितलं. तिनं माझा हात धरला. "भात झोडून झाल्यावर नेमाचा खेळ हाय. तोवर जगव मला. मग कुठं बी पाठव."

माझ्या हातात होतं ते इंजेक्शन. ते मी देत राहिले.

खेळाला मी मुद्दाम गेले. कापलेल्या भाताच्या खाचरात माणसं दाटली होती. लांब खांबावर लाल भोपळा बांधला होता. दिराला ऐनवेळी तिनं नवे तीर दिले. त्यानं एक उचलून बघितला.

"वैनी, पिसं बुटकी दिसतात."

"मोठी मिळाली नाय ह्या साली. सगळ्यांना तशीच दिली. तुला काय, तुझा हात हाय ना?"

माणसं हसली. तोही हसला. उभा राहिला, कमठा ताणला, तीर सोडला. तीर भोपळ्यावरून, खांबावरून, मागच्या सागाच्या झाडावरून निघून गेला. दुसराही तसाच गेला. तिसऱ्याला त्यानं हात खाली आणायचा प्रयत्न केला. पण इतक्या वर्षांची सवय हात सोडीना. कोपर आपोआप वर चढलं.

"तीर खोटं हायत!" तो ओरडला.

तारापूरहून आलेला एक मजूर पुढे झाला. त्यानं दिराच्याच जुडीतला एक तीर घेतला आणि भोपळ्याच्या पोटात मारला. खाचरभर हशा पिकला. एका म्हाताऱ्यानं थट्टेनं विचारलं, "काय रे, मेलेला भाऊ हात वर उचलतो काय तुझा?"

दिराचं तोंड राखेसारखं झालं. कमठा त्यानं जमिनीवर ठेवला आणि पुन्हा कधी उचलला नाही. ती माझ्या शेजारी बसली होती. आवाज न करता हसत होती, खोकला येईपर्यंत, आणि खोकून झाल्यावरही.

म्हाताऱ्याची थट्टा दिराच्या मनातून जाईना. भाऊ खरंच कोपर उचलतो, असं तो धरून बसला. जेवण तुटलं. शेवटी स्वतःहून पंचांपुढे जाऊन पीस बदलल्याचं सगळं ओकला. भाऊ मरावा असं मनात नव्हतं. नेम त्याचा चुकावा, आपला लागावा, एवढंच होतं.

पंचांनी तिचा तुकडा तिला परत दिला. दंड काय घ्यायचा, तिला विचारलं. तोवर तिचे पाय गेले होते. ती म्हणाली, "मला मनोरला ह्यानं न्यायचं. मरंस्तवर."

मुंबईचं नाव तिनं पुन्हा काढू दिलं नाही. मग मी कित्येक महिने ते दृश्य बघितलं. बांबूला बांधलेली झोळी, झोळीत ती. मागचं टोक कोणीही धरायचं, पुढचं मात्र त्यानंच, असा तिचा हुकूम. ती आतून ओरडायची, "हळू! दगडावर पाय नको देऊ!" तो, "व्हय वैनी," म्हणायचा. उतरवल्यावर तिला पाणी द्यायचा. एकदा मी हळूच विचारलं, "मावशी, आता माफ केलंत का त्याला?"

"नाय," ती म्हणाली. "वाहू दे."

पुढच्या भातलावणीत एका बाजाराच्या दिवशी तो एकटाच आला. पायरीवर नेहमीच्या जागी बसला. मी बाहेर आले.

"परवा गेली," तो म्हणाला.

मी म्हटलं, "तुम्हीच नेलंत ना शेवटपर्यंत."

त्यानं मान हलवली. "तिनं सांगून ठेवलं व्हतं. तिरडीला माझा खांदा लावू द्यायचा नाय म्हणून. सगळ्या पाड्यानं दिला. मी मागनं चाललो."

त्यानं उपरणं बाजूला केलं. बांबूनं खांद्याला काळा, जाड घट्टा पडला होता. तो त्यावरून हात फिरवत बसला. दवाखाना बंद करून मी निघाले, तेव्हाही तो तिथेच होता.